दलेंदाच्या घरची काठवट

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाच्या घरी भाकरीचं पीठ मळायची लाकडी काठवट असेल, तर मी तिच्याच जातीची. फक्त आकाराने मोठी आणि मुक्कामाने फार दूरची. ट्युनिस शहराच्या जुन्या भागात दलेंदा नावाच्या शिंपिणीच्या घरी मी राहते. ऑलिव्हचं एक झाड फळ देईनासं झालं, तेव्हा ते तोडून त्याच्या बुंध्यातून मला कोरून काढलं. कोरणाऱ्या म्हाताऱ्याने मला कितीतरी दिवस तेल पाजलं. लाकूड कोरडं पडलं की तडकतं, म्हणून अल्लाचं नाव घेत तो रोज माझ्या पोटावरून तेलाचा हात फिरवी. ते दिवस मला अजून आठवतात.

पुढे मी दलेंदाच्या आजीकडे आले आणि आजीकडून आईकडे. माझ्यात ओलसर रवा हातांनी वळायचा, त्याच्या कण्या वाफवायच्या आणि मग तो वाफाळता कुसकुस पुन्हा माझ्यातच ओतून वर भाजी, चणे आणि मटणाचा रस्सा घालायचा. सगळं घर माझ्याभोवती गोल बसे. आपल्या पुढ्यातलं आपण खायचं, दुसऱ्याच्या पुढ्यात चमचा घालायचा नाही. मटणाचे तुकडे मात्र घरातली मोठी बाई वाटी. ज्याच्या पुढ्यात तुकडा सरकला, तो घरचा.

दलेंदाने लग्न केलं नाही. तिचा जीव एका मैत्रिणीवर होता. भावांना ते कळलं तेव्हापासून आई मटण वाटत असली, तरी दलेंदाच्या पुढ्यात तुकडा सरकेनासा झाला. आई गेल्यावर भावांनी घर वाटून घेतलं. दलेंदाने भांडण केलं नाही. मला डोक्यावर पालथी घेतली आणि ती जिना उतरली.

तिच्या नव्या बिऱ्हाडात शिवणाचं मशीन, एक चटई आणि मी. दर शुक्रवारी दुपारची नमाज झाली की ती दार उघडं ठेवी. हळूहळू माणसं येऊ लागली. घरदार असून ज्यांना घर उरलं नव्हतं, अशी ती माणसं. मोंजी नावाचा म्हातारा न्हावी यायचा. त्याचा जन्मभराचा जोडीदार वारला, तेव्हा त्या जोडीदाराच्या घरच्यांनी मोंजीला जनाज्याला उभं राहू दिलं नव्हतं. कमर यायची. ती मुलगा म्हणून जन्मली, पण आतून कायमची मुलगीच होती, आणि तिची जीभ सुरीसारखी चाले. ही सगळी दलेंदाला खाल्ती म्हणत, म्हणजे मावशी.

एका शुक्रवारी कमर आपल्याबरोबर वज्दीला घेऊन आली. तो मोबाइल दुरुस्त करायच्या दुकानात कामाला होता. दारातच त्याने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक ताटली आणि चमचा काढला आणि हातात धरून उभा राहिला.

दलेंदाने विचारलं, "ही कुणासाठी?"

"माझ्यासाठी, खाल्ती. घरी माझं वेगळंच असतं."

त्याचा जीव मुलावर जडतो हे घरी कळलं, तेव्हापासून त्याची ताटली वेगळी, पेला वेगळा आणि बसायची जागा स्वयंपाकघराच्या दाराबाहेर. दुसऱ्याच्या घरी जाताना आपलं भांडं आपण न्यावं, हेच त्याला शहाणपणाचं वाटलं होतं.

कमर म्हणाली, "अगं बाई, हा तर आहेर घेऊनच आलाय."

"आहेर कसला, भीक मागायला आला असेल," मोंजी म्हणाला. "ये बाबा, बस. इथं सगळे त्याच धंद्यातले."

दलेंदाने ती ताटली घेतली, तीत चार हाडं घातली आणि गच्चीवरच्या मांजरांसाठी बाहेर ठेवून दिली. "वेगळं वाढायचं म्हणजे वेगळं घासायचं," ती म्हणाली. "मला कंटाळा आहे." मग तिने मटणाचा सगळ्यांत मऊ तुकडा उचलला आणि वज्दीच्या पुढ्यात सरकवला. त्याने बिस्मिल्ला म्हणून माझ्यात पहिला चमचा घातला, तो अगदी कडेला, जेमतेम टेकवून. लाकडाला ते कळतं.

त्यानंतर तो शुक्रवारी सगळ्यांच्या आधी येऊ लागला. रवा वळायला शिकला. पहिल्यांदा त्याच्या कण्या गोट्यांएवढ्या झाल्या, तेव्हा या दाण्यांनी कुणाचं तरी डोकं फुटेल, असं कमर म्हणाली होती. मोंजी त्याचे केस कापी आणि पत्त्यांत त्याला हरवी. जेवण झाल्यावर वज्दी मला धुऊन, पुसून, तेलाचा हात लावी. कोरणाऱ्या म्हाताऱ्यानंतर इतकं मन लावून मला कुणी तेल पाजलं नव्हतं. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो चांगला काळ. तो फार टिकला नाही.

कुणा शेजाऱ्याने पोलिसांत कळवलं, इथं नको ती माणसं जमतात म्हणून. शुक्रवारी भर दुपारी साध्या कपड्यांतली माणसं आत शिरली. कमर तेव्हा आणखी पाव आणायला गेली होती. जिन्यात आवाज ऐकून ती तशीच वर गच्चीवर गेली, म्हणून वाचली. आत दलेंदा, मोंजी आणि वज्दी होते. पोलिसांतल्या साहेबाने विचारलं, तुम्ही एकमेकांचे कोण?

"आम्ही जेवायला बसलोय, साहेब," मोंजी म्हणाला.

"नात्याने कोण, ते विचारतोय."

"तेच नातं आहे."

साहेबाने मला लाथ मारली. मी उंबऱ्यावर आदळले आणि पोटापासून कडेपर्यंत तडकले. पाव जमिनीवर पडला आणि एकाच्या बुटाखाली आला. आमच्याकडे पडलेला पाव कुणी तसाच ठेवत नाही. उचलायचा, त्याचं चुंबन घ्यायचं आणि उंचावर ठेवायचा, हे लहानपणापासून हाताच्या वळणात असतं. वज्दी नकळत वाकला आणि त्या बुटाखालून पाव ओढू लागला. तो पाय धरतोय, अंगावर येतोय, असं त्यांना वाटलं. मग काय झालं ते मी सांगत नाही. तुम्ही लहान आहात, आणि मलाही ते पुन्हा आठवायचं नाही.

मोंजीला म्हातारा म्हणून सोडलं, दलेंदाला दम देऊन सोडलं. वज्दीच्या मोबाइलमध्ये त्याच्या मित्राचे प्रेमाचे निरोप होते, आणि इकडच्या कायद्यात तो गुन्हा आहे. त्याला तुरुंगात घातलं.

इथल्या तुरुंगात कैद्याला घरचं जेवण टोपलीतून जातं. आठवड्यातून एकदा टोपलीचा दिवस. पण टोपली नेणारं माणूस रक्ताचं किंवा लग्नाचं लागतं. ज्याची टोपली येत नाही, त्याला आतले कैदी बरोबर हेरतात. याचं बाहेर कुणी नाही, याचं काहीही केलं तरी विचारणारं कुणी नाही. मग त्याची जागा संडासाच्या दाराशी जाते आणि त्याचं पांघरूणही दुसरा ओढून नेतो. वज्दी गेला, त्या दिवसापासून या घरात एकच घोर होता. त्याची टोपली कोण नेणार?

दलेंदा स्वतः गेली. फाटकावरच्या शिपायाने आई का, बहीण का, बायको का, असं विचारलं आणि टोपली परत दिली. ते गार झालेलं जेवण तिने माझ्यात ओतलं. त्याला कुणी हात लावला नाही.

मग ती वज्दीच्या आईकडे गेली. आईचं नाव महबूबा. तिने दार उघडलं नाही. आपला मुलगा कामासाठी फ्रान्सला गेलाय असं गल्लीत सांगितलंय, आता तू जा, असं ती दाराआडूनच म्हणाली. दलेंदा परत आली आणि दिवसभर मशीनवर बसून राहिली. मशीन चालल्याचा आवाज मात्र आला नाही.

किती टोपल्यांचे दिवस असे गेले, ते मी मोजले नाहीत. एका दुपारी महबूबा पांढरी चादर अंगभर लपेटून जिना चढून आली. उंबऱ्याच्या आत आली, पण बसली नाही.

"तू शिजव, मी नेईन," ती म्हणाली. "माझ्या घरात त्याच्या नावाने चूल पेटवता येत नाही. त्याचे भाऊ आहेत."

दलेंदा नुसतं बरं म्हणाली.

"चणे घालू नकोस. तो निवडून बाजूला ठेवतो."

कमर कोपऱ्यात कांदे चिरत होती. वडीलधाऱ्या बाईला इकडे हाज्जा म्हणतात, तसंच ती म्हणाली, "तुमचा वज्दी, हाज्जा? माझ्या वाटचे पण खायचा. लाजही नाही वाटायची."

महबूबाने तिच्याकडे पाहिलं.

"इथं खायचा?"

"चाटूनपुसून."

"मग घाल," ती म्हणाली आणि दाराकडे वळली.

अशी टोपली सुरू झाली. रवा माझ्यातच वळला जाई. मोंजीने माझ्या भेगेवर पत्र्याची पट्टी ठोकून दिली होती. माझ्यात रस्सा टिकत नसला, तरी कोरडं काम मी करू शकत होते. काचेचं भांडं चालत नाही, हाडं चालत नाहीत, आणि शिपाई सळई घालून सगळं ढवळतात, म्हणून दलेंदा मटण सोडवून देई. पुढच्या खेपेला महबूबा रिकामे डबे परत आणी. डबा रिकामा म्हणजे पोरगा जेवतोय, एवढंच कळायचं. ती अजूनही बसत नसे. एकदा मात्र जाता जाता उंबऱ्यात थांबली. भेटीच्या खिडकीशी वज्दीने तिला विचारलं होतं, उम्मी, हे तू केलंस का?

"मी हो म्हटलं," महबूबा म्हणाली.

दलेंदाने डबे तिच्या हातातून घेतले. "बरोबर सांगितलंस."

पुढे पुढे डबे अर्धे भरलेले परत येऊ लागले. कमर थट्टा करायची थांबली.

तो सुटला तेव्हा भावांनी त्याला घरात घेतलं नाही. शुक्रवारी मोंजी त्याला इथं घेऊन आला. सगळी जमली होती. वज्दी ओळखू येत नव्हता. समोरचे दोन दात नव्हते, आणि कुणी जोरात चाललं तरी तो मान खांद्यात घेई. दलेंदाने त्याच्या नेहमीच्या जागेवर माझ्यात तुकडा सरकवला. त्याने डब्याचं एक झाकण उचललं, त्यात दोन मुठी कुसकुस घेतला, भिंतीकडे तोंड करून बसला आणि झाकणाभोवती हाताचं कुंपण करून भराभर खाऊ लागला.

"वज्दी, इकडे ये ना रे," कमर म्हणाली. "भिंत काय तुझी सासू आहे?"

तो वळला नाही. मोंजी उठला आणि त्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. वज्दीने दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि तो जमिनीला चिकटला. मोंजीचा हात तसाच अधांतरी राहिला.

तेवढ्यात महबूबा आली. टोपली हातात होती. आता टोपलीचं काम नाही, हे तिच्या पायांना बहुधा कळलं नव्हतं. तिने भिंतीकडे पाहिलं. चपला काढल्या आणि पहिल्यांदाच या घरात बसली. लेकाला हात लावला नाही. त्याच्यापासून वीतभर अंतर ठेवून, त्याच्यासारखंच भिंतीकडे तोंड करून बसली.

दलेंदाने ते पाहिलं. तिने माझी एक कड धरली आणि म्हणाली, "मोंजी, तिकडून धर."

त्यांनी मला ओढत ओढत भिंतीपाशी नेलं. माझ्या भेगेतून रस्सा गळत होता, त्याची रेघ फरशीवर उमटली. मग सगळी तिथं दाटीवाटीने बसली, कुणाची पाठ दाराला, कुणाची मशीनला. महबूबाने मटणाचा तुकडा उचलून वज्दीच्या बाजूच्या कडेला ठेवला. त्याने तो घेतला नाही. तो गार झाला, तरी दुसऱ्या कुणी तो उचलला नाही.

तेव्हापासून दर शुक्रवारी मला भिंतीपाशीच मांडतात. कमर आता येत नाही, ती शहर सोडून गेली. घरमालकाने दलेंदाला जागा सोडायला सांगितलं आहे, आणि पुढच्या बिऱ्हाडात मी मावेन की नाही, माहीत नाही. वज्दी मला तेल लावत नाही, म्हणून भेग वाढते आहे. तो अजून झाकणातच जेवतो. पण मागच्या शुक्रवारी आईने तुकडा ठेवला, तेव्हा त्याने झाकणाभोवतीचा हात काढून गुडघ्यावर ठेवला. इतकंच झालं. महबूबाने खाली मान घातली आणि ती जेवत राहिली.

माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. तुमच्या पंगतीत कुणी वेगळं बसलं, तर त्याला हाका मारून दमू नका. ज्याला फार दिवस बाहेर बसवलं, त्याला उठून यायचं बळ राहत नाही. तेव्हा तुम्ही आपली पानं उचला आणि त्याच्या शेजारी नेऊन मांडा. तो वळेल की नाही, हे देवाच्या हाती. तोवर त्याच्या बाजूला एक घास ठेवत जा, आणि तो घास दुसऱ्या कुणी उचलू नका.