शेवटचं पान नसलेली कादंबरी

मी एक जुनी रहस्यकादंबरी आहे. माझ्या गोष्टीतला माणूस जुन्या अपराधाचं ओझं घेऊन घरी परततो आणि दार ठोठावतो. ते उघडतं की नाही, हे शेवटच्या पानावर कळतं. माझी चाल गोगलगायीची, हे मान्य. पण घाईने उलगडलं तर ते रहस्य कसलं?

मित्रांनो, मी एका लहानशा वाचनालयात राहते. चालकांचा नियम कडक होता: पुस्तक फाटलं, तर ज्याने ते शेवटी परत केलं तोच जबाबदार. मी कोरी करकरीत असताना त्यांचे जिवलग मित्र, समोरच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानातले घड्याळजी, मला सर्वांत आधी वाचून परत देऊन गेले. त्या संध्याकाळी चालकांची मुलगी टेबलापाशी एकटीच होती. शेवट आधी वाचायला घरात बंदी. तिने हळूच शेवटचं पान उघडलं, तेवढ्यात वडिलांची पावलं वाजली आणि दचकून तिच्या हातून ते फाटलं. तिने ते फ्रॉकच्या खिशात कोंबलं. कपडे धुताना त्याचा लगदा झाला.

दुसऱ्या दिवशी चालकांनी घड्याळजींना भर दुकानात जाब विचारला.

"मी फाडलं नाही," घड्याळजी एकदाच म्हणाले आणि कामाला लागले. दोघांचं बोलणं संपलं. मुलगी मूग गिळून बसली, मोठी झाली, नोकरीसाठी दूर गेली. मी वरच्या फळीवर धूळ खात पडले. मला फार वाईट वाटे, पण मी हट्टी आहे. शेवट मिळाल्याशिवाय रद्दीत जायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

यंदा ती परतली. बॅग खाली ठेवली आणि आधी मला काढलं.

"बाबा, पान मी फाडलं होतं."

चालकांनी माझी फाटकी कड चाचपली. "आता सांगून काय उपयोग? वरातीमागून घोडं."

"घोडं तर घोडं. चला काकांकडे."

"कोणत्या तोंडाने येऊ?"

"मग मी एकटी जाते."

ती मला घेऊन समोरच्या दुकानात गेली. घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग न काढता सगळं ऐकलं. "मी फाडलं नाही, हे मला ठाऊकच होतं, पोरी. ज्याला ठाऊक नव्हतं, तो कुठे आहे?"

तिने मागे पाहिलं. चालक दुकानाच्या पायरीशी उभे होते.

"चुकलो मी," ते म्हणाले. "फार चुकलो."

घड्याळजींनी स्टूल पुढे सरकवलं. "बस. शेवट ऐकायचाय ना? गावात तो माझ्याशिवाय कुणी वाचलाय?"

ते सांगत गेले, मुलीने लिहून घेतलं आणि ते पान मला चिकटवलं.

मित्रांनो, पुस्तक फाटलं तर त्याच दिवशी सांगा, खळीने भागतं. उशीर झाला असेल, तरी सांगाच. आता तुम्हाला म्हणून सांगते. माझ्या छापील शेवटात ते दार उघडत नाही. घड्याळजींना ते चांगलं आठवत होतं. तरी त्यांनी ते उघडलं.