माळवस्तीचे एकशे सत्तावीस

माणूस दारात पाय ठेवतो तेव्हा बसचा तळ साधारण दोन मिलिमीटर खाली जातो. माळवस्तीच्या थांब्यावर चौथऱ्याच्या कडेला मी स्टीलची पट्टी चिकटवली होती. सकाळचं ऊन तिच्यावर पडायचं, त्यामुळे रेघा स्पष्ट दिसत.

परभणीची जलद बस आतापर्यंत शहरातच, आपल्या वेगळ्या मार्गिकेतून धावत होती. ती पिंगळीच्या पुढे माळवस्तीपर्यंत न्यायची तर शासनाचं साहाय्य हवं होतं. अट एकच : शेवटच्या थांब्यावर सकाळच्या तीन फेऱ्यांत किमान एकशे वीस प्रवासी. चाचणी आठ दिवसांची. मोजणी माझ्याकडे.

पहिल्या दिवशी दारावरच्या यंत्राने एकशे सत्तावीस दाखवले. दुसऱ्या दिवशीही. पाचव्या दिवशीही तोच आकडा आला तेव्हा मी कार्यालय सोडून थांब्यावर जाऊन बसले. बाजाराच्या दिवशी माणसं वाढतात, रविवारी घटतात. खरी मोजणी इतकी स्थिर नसते.

डोळ्यांनी मोजले ते शहाऐंशी भरले. यंत्र बदलून घेतलं. नव्या यंत्रानेही एकशे सत्तावीसच दाखवले.

सातव्या दिवशी पहिल्या फेरीला सगळे चढून झाले, दार रिकामं झालं, तरी वाहक आश्रुबा घंटी देईना. मी पट्टीकडे पाहिलं. तळ दोन मिलिमीटर खाली गेला. थोडा थांबून आणखी दोन. असं चौदा वेळा झालं. मग घंटी वाजली.

आत निम्म्या जागा रिकाम्या होत्या, आणि वस्तीतली माणसं दांडी धरून उभी होती. मी पुढच्या बाकाकडे वळले.

"तिथं नका बसू, मॅडम," आश्रुबा हळूच म्हणाला. "मागची मोकळी हाय."

चाचणीसाठी प्रवाशांची यादी वस्तीतल्या सरजाबाईंनी घरोघर फिरून केली होती. फॉर्मवर 'घरातली माणसं' असा रकाना होता. लोकांनी सांगितली, त्यांनी लिहिली. एकशे सत्तावीस नावं. ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीशी मी ती ताडून पाहिली. एक्केचाळीस जण हयात नव्हते.

सरजाबाई त्याच बसमध्ये होत्या, लेकीला घेऊन. सुकेशनी चोवीस वर्षांची. आठवड्यातून तीनदा परभणीला डायलिसिस. बस नव्हती तेव्हा दोघी फाट्यावर जीपची वाट पाहत बसत. गेल्या महिन्यात दोनदा डायलिसिस चुकलं होतं. मुलीच्या पायांवर सूज होती, चपलेचा पट्टा मांसात रुतलेला.

यादीत मेलेल्यांची नावं कशी, असं मी विचारलं. सरजाबाईंना त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. माणूस गेला म्हणून घरातून कसा काढायचा, असं त्यांचं म्हणणं. आणि त्यातले निम्मे तर फाट्यावरच गेलेले, दवाखान्याची गाडी मिळेपर्यंत. ते बस सोडतील कशाला?

त्यांनी लेकीच्या मांडीवरचा पदर नीट केला आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "हिचं नाव यादीत हायच, मॅडम. बस आली तरी, न्हाई आली तरी. कोन्या बाजूला मोजायचं, ते तुमी ठरवा."

अहवालातला शेवटचा रकाना मी तीन दिवस कोरा ठेवला. चौथ्या दिवशी परभणीत बैठक झाली. मुंबईहून आलेल्या अधिकाऱ्यांनी माझी टिपणं दोनदा उलटली. यंत्र एक सांगतं, तुमचे डोळे दुसरं, असं ते म्हणाले. त्यांनी चष्मा काढला. मोजणीवर सही माझी असणार होती, म्हणून आकडाही मीच सांगायचा होता.

खोलीत पंखा फिरत होता.

"एकशे सत्तावीस," मी म्हणाले. "तेवढे चढतात."