चौकटीतले वाक्य

जमिनीखालच्या पाण्याचा ठाव केवळ कानाने घेणारी माणसे आता विरळच. संशोधिकेचे भावोजी त्यांपैकी एक. लोखंडी सळईचे एक टोक रस्त्यावर टेकवायचे, दुसरे डाव्या कानाशी धरायचे, डोळे मिटून उभे राहायचे आणि मग खडूने फुली मारायची. तेथे खणले की फुटका नळ हमखास सापडे. पाणीपुरवठा खात्यात त्यांना सारे ‘कानसेन’ म्हणत. उजवा कान बालपणीच्या तापात गेला होता; तीस वर्षांची विद्या एकट्या डाव्यावर उभी होती.

तो कानही एका सकाळी अकस्मात बंद झाला, आणि भावोजी तज्ज्ञांपर्यंत पोहोचले ते तेविसाव्या दिवशी. ‘पहिल्या दोन-चार दिवसांत आला असतात तर औषधाने काही वाचवता आले असते,’ डॉक्टरांनी कागदावर लिहून दाखवले, ‘आता आशा धरू नका.’

दोन दिवसांनी संशोधिका बहिणीच्या घरी आली, तेव्हा भावोजी खिडकीपाशी मान खाली घालून बसले होते. ताईचा एक शब्दही त्यांना ऐकू येत नव्हता. पण ती काय म्हणते आहे ते तिच्या चेहऱ्यावरून त्यांना पुरते कळत होते.

“तेवीस दिवस थेंब घालत बसला हा माणूस!” ताई म्हणाली. “सख्खी मेहुणी कानांवर संशोधन करते, तिचं पत्रक उशाशी, तरी ढिम्म! तू एवढं सोपं करून लिहिलंस गं, धाकटे. या शहाण्याच्या डोक्यात शिरेल तर शपथ.”

“ताई, त्यांना बोलू नकोस.”

“मग काय शाबासकी देऊ?”

संशोधिकेने पत्रक हाती घेतले. दर्शनी पानावरच्या ओळींखाली भावोजींनी पेन्सिलीने रेघा ओढल्या होत्या. ‘कान बंद वाटतो? घाबरू नका. बहुधा मळ असतो. थेंब घाला. थोडे दिवस थांबा.’ त्यांनी अक्षरशः तसेच केले होते.

रुग्णाच्या हाती पडणारा कागद रुग्णाला वाचता यावा, हे तिचे बारा वर्षांचे व्रत. शब्दांची आणि वाक्यांची लांबी मोजून, मजकूर कितव्या इयत्तेला झेपेल हे सांगणारे एक गणित तिच्या संस्थेत प्रमाण होते. सहावीच्या वरचे काही छापायचे नाही, असा दंडक. ‘अचानक ऐकू येईनासे झाले, तर मळ समजून न थांबता त्याच दिवशी कानाच्या तज्ज्ञांकडे जावे’ या वाक्याने सारे पत्रक सातवीत जाऊन बसत होते. ते वाक्य तोडून लहान करून पाहायला तिच्यापाशी एक दिवस होता, तोही सरला. मग तिला आठवले की चौकटीतला मजकूर गणितात धरत नाहीत. तिने ते वाक्य उचलले आणि मागच्या पानावर, तळाशी, चौकटीत नेऊन ठेवले. पत्रक सहावीत बसले. सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

ताईच्या फोनवरून सारे कळल्यावर आज सकाळीच तिने संस्थेच्या प्रमुखांना फोन केला होता.

“पत्रक परत मागवा, सर.”

“बाई, सगळ्या दवाखान्यांत गेलंय ते. वाक्य आहे ना त्यात?”

“आहे. पण कुणाला दिसणार नाही अशा जागी.”

“छापलंय ना? मग आपण मोकळे. तुम्ही चूक कबूल करून लेखी देत असाल तर थांबवतो. पण मग तुमची खुर्ची राहील असं समजू नका.”

चूक कबूल करणारे ते पत्र आता तिच्या पिशवीत होते. तिने ते ताईपुढे धरले. ताईने वाचले, खाली बसली, पुन्हा वाचले.

“म्हणजे तू मुद्दाम हलवलंस?”

“इयत्ता बसत नव्हती, ताई.”

“इयत्ता,” ताई एवढेच म्हणाली.

भावोजींनी हात पुढे केला. ओळीवर बोट ठेवून त्यांनी पत्र सावकाश वाचले. मग, स्वतःचाच आवाज ऐकू येत नसल्याने, शेजारचे दार उघडावे इतक्या मोठ्याने ते मेहुणीला नेहमीच्या थट्टेच्या नावाने म्हणाले, “मास्तरीणबाई, मी मलाच मूर्ख समजत होतो हो!” आणि पत्राची घडी घालत त्याच आवाजात म्हणाले, “आजच नेऊन द्या.”

“दे, आणि इकडे येऊ नकोस,” ताई पाठ फिरवून म्हणाली. “निदान काही दिवस.”

दुपारी प्रमुखांनी पत्र वाचले, तिच्या ओळखपत्रासाठी हात पुढे केला आणि कारकुनाला दवाखान्यांची यादी दिली. ती दारातच उभी राहिली. कारकून एकेक क्रमांक फिरवू लागला. “पत्रकं काढून ठेवा, वाटू नका,” असे तो प्रत्येकाला सांगत होता. पहिल्या चौघांनी बरे म्हटले.

पाचव्याशी बोलताना तो थांबला. फोनवर हात ठेवून तिच्याकडे वळला.

“संपली म्हणतात. लोक मागून मागून नेतात, वाचायला सोपं आहे म्हणून. अजून पाठवाल का, विचारताहेत.”