नोंदीतलं नाव

युनिक्स या संगणकप्रणालीत रूट म्हणजे मशीनचा मालक. आमच्या साखर कारखान्याच्या संगणकावर रूटचा पासवर्ड एकट्या माझ्याकडे होता आणि मला त्याचा भारी तोरा होता. कुणाच्या उसाला आधी कोयता लागणार, ती तोडणीची यादी रूटशिवाय कुणालाही बदलता येत नसे.

कारकून त्या यादीवरून आपापल्या गावांची नक्कल काढत. शिरूरकडचा पोपट दर दहा मिनिटांनी ओरडायचा, "सुलक्षणाम्याडम, परवानगी न्हाई म्हणतंय!" एके दिवशी वैतागून मी नक्कल काढणाऱ्या प्रोग्रामलाच रूटचे अधिकार देऊन टाकले. चालवणारा कुणीही असो, प्रोग्राम रूट म्हणूनच चालणार. कटकट मिटली. किती मूर्ख होते मी!

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत वडगाव रासाईची अकरा नावं यादीत एकदम वर आली. त्यात माझे वडील कोंडिबा. कुणी काय बदललं याची नोंद संगणक ठेवायचा; त्या नोंदीत नाव होतं, रूट.

चेअरमनसाहेबांनी बोलावून घेतलं. "रूट म्हंजी तुम्हीच ना, बाई?"

नोकरी जाणार, वर चोरीचा डाग. मी दोन दिवस मागून घेतले आणि त्या प्रोग्रामच्या हात धुऊन मागे लागले. सापडलं. कशाची नक्कल काढू आणि कुठल्या नावाने ठेवू, असं तो विचारतो. नावं वर-खाली केलेली यादी देऊन ठेवायला मूळ यादीचंच नाव दिलं, की ती थेट मूळ यादीवर बसते. अकरा जणांत पोपटचा चुलताही होता.

शनिवारी दुपारी पोपटला समोर उभं करून त्याच्याच लॉगिनवरून मी साहेबांना ते करून दाखवलं. यादी बदलली आणि नोंदीत पुन्हा रूट उमटला. माझा जीव भांड्यात पडला.

"मला कुठलं यायचं सायेब ह्ये?" पोपट कानावर हात ठेवून म्हणाला. "मी विंग्रजीत नापास झाल्येला मानूस."

साहेबांनी त्याला बाहेर पाठवलं. नोंदीचा छापील कागद दोनदा वाचला.

"म्हंजी करनारा कुनी बी असंना, नाव तुमचंच येतंय?"

"हो साहेब. म्हणून तर आत्ताच बंद करते."

"न्हाई. ऱ्हाऊ द्या तसंच."

छापील कागद त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं आणि खिशातून हाताने लिहिलेली चिठ्ठी काढली. सतरा नावं, सगळी दौंडकडची, त्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांची.

"ही पोपटला द्या. तुम्ही काय बी करायचं न्हाई."

मी विचारलं, "आणि चौकशी झाली तर?"

"कोन मागतंय चौकशी?" ते अगदी मायेनं म्हणाले. "यादीत तुमच्या वडलांचं नाव हाय, नोंदीत तुमचं. तुम्ही मागताय का?"

सोमवारी सकाळी चिठ्ठी मी पोपटला नेऊन दिली.