मुसकं घातलेला पाहुणा

मी ढब्बू बोलतोय. पिल्लू होतो तेव्हा माझं पोट आधी चालायचं आणि मागून मी, म्हणून हे नाव पडलं. आता फासळ्या दिसतात, पण नाव काही उतरलं नाही. रंग मातकट, एक कान उभा, एक पडलेला. जात विचाराल तर मला ठाऊक नाही. माझ्या आईलाही नसावी.

माझा जन्म एका चष्म्याच्या दुकानामागे, रिकाम्या खोक्यांच्या ढिगात झाला. माझी भावंडं एकेक करून लोकांनी उचलून नेली. मी उरलो. दुकानाचे मालक सकाळी शटर वर करताना माझ्याकडे बघायचे. एक दिवस म्हणाले, "काय रे, तुला कुणीच घेत नाही? मग मीच घेतो."

त्यांना सगळे चष्मेवाले काका म्हणत. घरी नेल्यावर काकूंनी मला पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, आपलंच आपल्याला होईना, त्यात हे ध्यान कशाला?" संध्याकाळी त्याच ध्यानाला त्यांनी आपली जुनी शाल चौपदरी करून अंथरली.

आम्हा तिघांचं बरं चाललं होतं. मग काकूंना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. काकांनी घरी सांभाळून पाहिलं. एकदा त्यांना उठवून बसवताना दोघंही घसरून पलंगाखाली आले. काकांना उठता येईना आणि काकूंना सोडवेना. शेजाऱ्यांनी दार वाजवेपर्यंत दोघं तसेच जमिनीवर बसून होते. मी त्यांच्याभोवती नुसता गोल गोल फिरत होतो. चार पाय असून काय उपयोग, हात एकही नाही.

त्यानंतर ताईने, म्हणजे त्यांच्या मुलीने, जवळच्या शुश्रूषागृहात काकूंची सोय केली. काका रोज जायचे. परत आले की कपड्यांना फिनेलचा आणि उकडलेल्या भाजीचा वास असायचा, आणि त्याखाली कुठेतरी काकूंचा. मी तो शोधत बसायचो.

"ढब्ब्या, ती माझ्याकडे बघतच नाही रे," एक दिवस ते बूट काढता काढता म्हणाले. "दाराकडे बघत राहते. उद्या तू चल."

दारातच मोठ्या सिस्टरांनी अडवलं. तिथलं सगळं त्यांच्या शब्दावर चालायचं. "काका, जनावर आत चालणार नाही."

"जनावर कुठंय? हा आमच्या घरातला आहे."

"त्याला शेपूट आहे, काका."

"असू दे की. आवरून धरेल तो."

सिस्टर हसल्या, आणि हसल्या म्हणजे हरल्या. अंघोळ, नखं कापणं, सगळी इंजेक्शनं, पट्टा आखूड आणि पलंगावर चढायचं नाही, एवढ्या अटी घालून त्यांनी मला आत सोडलं.

काकू खिडकीजवळच्या पलंगावर होत्या. त्यांचा डावा हात बाहेर लोंबत होता. मी त्याखाली डोकं घातलं. बोटं हलली. मग त्यांच्या घशातून, फार कष्टाने, एक आवाज आला. "ढ..." बस, तेवढाच. काका खिडकीकडे वळले आणि चष्मा काढून कितीतरी वेळ पुसत राहिले. चष्मा स्वच्छच होता.

मग आमचा रोजचा फेराच सुरू झाला. शेजारच्या पलंगावर एक शाळाबाई होत्या. शाळा सुटून वर्षं झाली तरी त्यांचा आवाज वर्गातलाच होता. मी दिसलो की विचारायच्या, "पाय पुसून आलात का? बरं, या. बसा. नुसतं बसायचं, चुळबुळ नको." मी जन्मात कुणाचं ऐकलं नाही इतकं त्यांचं ऐकायचो. काकांच्या खिशात बारकासा स्क्रू ड्रायव्हर असायचा. मी या पलंगावरून त्या पलंगाकडे जायचो आणि काका मागून येऊन कुणाच्या चष्म्याची काडी घट्ट करून द्यायचे.

तिथे मी माणसं फार जवळून पाहिली. भेटायला येणारे खुर्चीच्या कडेवर बसतात, पूर्ण टेकत नाहीत. हातात मोबाइल असतो, किल्ल्या असतात. म्हाताऱ्यांना ते दिसतं. मग तेच म्हणतात, "निघ आता, तुला उशीर होईल." तो सुटल्यासारखा निघतो. आणि ते माझ्या कानामागे खाजवायला लागतात. खाजवत राहतात, खाजवत राहतात. मला खाज नसली तरी मी हलत नाही.

एका सकाळी आम्ही गेलो तर काकूंची गादी उलटी करून खिडकीत वाळत घातली होती. काका दारात थांबले. मला तर ते बाहेरच्या फाटकाशीच कळलं होतं, पण मी कुणाला सांगणार?

थोड्या दिवसांनी काकांनी पुन्हा पट्टा हातात घेतला. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "काका, आता तुम्ही कशाला त्रास घेता?"

"मी नाही येत. हा येतो," काका म्हणाले. "बाकीच्यांना सवय लागलीय याची."

त्याच सुमारास काका वाटेत थांबायला लागले. परतताना बेकरीच्या कोपऱ्यावर आम्ही डावीकडे वळतो. काका तिथे उभे राहायचे आणि चारही रस्त्यांकडे असं बघायचे, जणू ते रात्रीत कुणी बदलून ठेवलेत. मी डावीकडे ओढायचो. ते निमूट मागून यायचे. घरापाशी आलो की त्यांना एकदम हायसं वाटायचं. "आलो बघ," म्हणायचे. जसं काही त्यांनीच मला आणलं.

ताई दुसऱ्या गावाहून फोन करायची. "बाबा, जाणं-येणं नीट जमतंय ना?"

"न जमायला काय झालं? ढब्बू आहे ना बरोबर."

ती हसायची. तिला वाटायचं, बाबा गंमत करतायत. मी फोनजवळ जाऊन भुंकायचो, तर म्हणायची, "अगंबाई, आवाज ओळखला वाटतं माझा!"

मग तो दिवस आला. सिग्नल आमच्या बाजूचा लाल होता. काका पट्टा धरून उभे होते. काय मनात आलं कुणास ठाऊक, ते सरळ रस्त्यावर उतरले. उजवीकडून टेम्पो येत होता, भरलेला, वेगात. मी होता नव्हता तेवढा जोर लावून मागे ओढलं. काका आडवे पडले, फुटपाथच्या कडेवर. टेम्पो आमच्या समोरून निघून गेला, हॉर्नसुद्धा न वाजवता.

त्यांचं कमरेचं हाड मोडलं होतं.

लोक जमले. त्यांनी काय पाहिलं? पडलेला म्हातारा आणि ताणलेला पट्टा. "कुत्र्याने पाडलं हो," फळवाला म्हणाला. तेच अँब्युलन्सवाल्याने ऐकलं, तेच डॉक्टरांनी आणि तेच ताईने. काकांना विचारलं तर त्यांना काही आठवेना. माझ्या बाजूने बोलणारं एकच माणूस होतं, आणि ते सगळं विसरलं होतं.

ताई वाईट नाही. तिने मला हाकललं नाही. पण तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून अंगावर आहे. "किती जीव लावला रे त्यांनी तुला," एवढंच म्हणाली. मी तिच्या पायाशी लोळलो, हात चाटला, सगळं केलं. कुत्र्याला जे जे करता येतं ते माफी मागितल्यासारखंच दिसतं. मी माफी मागत नव्हतो.

काकांना त्याच शुश्रूषागृहात ठेवलं. ताई आमच्या घरी राहायला आली. ती रोज त्यांना भेटून यायची आणि पुन्हा तोच फिनेलचा वास घरी यायचा. मला मात्र बंदी. "म्हाताऱ्या माणसाला पाडणारा कुत्रा मी आत कसा घेऊ?" मोठ्या सिस्टरांचं म्हणणं. ताई फोनवर कुणाला तरी सांगत होती, "बाबा सारखं विचारतात, ढब्बू कुठंय, त्याला का नाही आणलं. जेवतसुद्धा नाहीत गं नीट." मी दारापाशी जाऊन खुंटीवरच्या पट्ट्याखाली उभा राहायचो. ती पट्ट्याकडे बघायची आणि स्वयंपाकघरात जायची.

शेवटी शाळाबाईंनी सिस्टरांना फैलावर घेतलं म्हणे. "रोज येणाऱ्याला एका दिवसावरून नापास करता? हा कुठला न्याय?" सिस्टर विरघळल्या. पण अट पडली, तोंडाला मुसकं. मी कधी कुणाला साधा दातही लावला नव्हता. तरी मी मुकाट तोंड पुढे केलं. जायला मिळत होतं ना.

तोवर पुष्कळ दिवस गेले होते. मी पट्टा ताणत आत गेलो. काका खुर्चीत होते, अंगाने निम्मे झालेले. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. चाटता येत नव्हतं, म्हणून नुसतं दाबून धरलं.

"अरे वा," काका म्हणाले. "कुणाचा हो हा? छान आहे."

"बाबा, ढब्बू आहे. आपला ढब्बू."

"छे. ढब्बूला मुसकं कशाला घालतील? तो गरीब आहे."

ताई तोंडावर हात धरून बाहेर गेली. काकांनी माझ्या कानामागे हात नेला. तीच जागा, तीच बोटं. बोटांना सगळं माहीत होतं. मग ते वाकून हळूच म्हणाले, "आमच्याकडे आहे हं एक तुझ्यासारखा. मोठा हुशार. टेम्पो येत होता ना, त्याने ओढलं मला मागे. नाहीतर संपलोच होतो."

मी दाराकडे पाहिलं. ताई आली नाही. सिस्टर औषधांची गाडी ढकलत पलीकडे निघून गेल्या. शाळाबाई ऐकायचं यंत्र काढून झोपल्या होत्या. मी घशातून आवाज काढला. मुसक्यातून तो रडल्यासारखा आला.

त्याला आता बरेच महिने झाले. ताई मला न चुकता नेते. टेम्पोचं ते काका पुन्हा कधी बोलले नाहीत. रोज ते मला नव्याने भेटतात, छान आहे म्हणतात, कानामागे खाजवतात. आणि थोड्या वेळाने बेचैन होतात. "आता तू जा हं. माझा ढब्बू यायची वेळ झाली. तुला इथे पाहिलं तर रुसेल तो." मग मला हलकेच दूर ढकलतात आणि दाराकडे बघत बसतात. ताई पट्टा ओढते. मी निघतो. दुसरं काय करू?

तुम्हाला बोलता येतं. तुम्ही कधी अशा एखाद्या घरात गेलात आणि खिडकीपाशी दाराकडे डोळे लावून बसलेले एक आजोबा दिसले, तर खुर्ची ओढून नीट टेकून बसा. त्यांना सांगा, ढब्बू रुसलेला नाही. तो रोज येतो. आत्ताच येऊन गेला.