सिरिहचं तबक

आज काही झालं तरी होकार द्यायचा नाही, हे नीलांबरीबाईंनी सकाळीच ठरवलं होतं. त्यांची रुचा इथे अमेरिकेत, शुगर लँडमध्येच वाढलेली, आणि तिला पसंत पडला होता अमन. आई इंडोनेशियाची, वडील मलेशियाचे. मुलगा गुणी होता, खोटं कशाला बोला? पण पोरीच्या संसारात आपलं म्हणावं असं काय उरणार, या धास्तीनं बाईंचा जीव टांगणीला लागला होता. "मी फक्त बघणार, शब्द देणार नाही," त्यांनी नवऱ्याला बजावलं. दिगंबररावांनी मान हलवली. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना तेवढं छान जमू लागलं होतं.

पाहुणे आले. चहा झाला, उकाड्यावर बोलून झालं. मग अमनच्या आईनं, यानीनं, सोबत आणलेल्या तबकावरचं कापड बाजूला केलं. बघतात तर काय, नागवेलीची हिरवीगार पानं, शेजारी चुना, कात आणि सुपारी.

नीलांबरीबाई नागपूरच्या, जेवणानंतर पान लागणाऱ्या. दारचा वेल थंडीच्या कडाक्यात गेला तेव्हापासून त्यांना जेवण जेवल्यासारखं वाटतच नव्हतं.

"सिरिह," यानी इंग्रजीत सांगू लागली. "माझ्याकडे काय, यांच्या मलेशियात काय, नाव तेच. वेल मीच लावलाय." तिनं तबक दोन्ही हातांनी पुढे धरलं आणि ती थांबली.

बाईंना कुठला दम निघतोय? पान उचललं, चुना लावला, सुपारी टाकली, घडी घातली आणि गालात सारलंसुद्धा.

यानीचे डोळे भरून आले. तिनं बाईंना मिठीच मारली. अमन हळूच रुचाच्या कानाशी लागला, आणि रुचाचा चेहरा उतरला.

"आई, त्यांच्यात मागणी घालताना सिरिह देतात. घेतलं म्हणजे येस. तुला माहीत नव्हतं. मी सांगते त्यांना, इट्स ओके."

बाई सावकाश चघळत राहिल्या. समोर यानी डोळे पुसत होती. म्हणजे हिच्याकडेही पानसुपारीशिवाय लग्न ठरत नाही तर. अन् आपण उगाच घाबरून बसलो होतो.

"काही सांगू नकोस," त्या म्हणाल्या. त्यांनी निगुतीनं एक विडा लावला आणि यानीच्या हातावर ठेवला. "म्हणावं, मुलीच्या आईनं असा उलट विडा द्यायचा असतो आमच्यात."

"हा रिवाज कधीपासून?" दिगंबररावांनी विचारलं.

"आजपासून," बाई म्हणाल्या आणि त्यांनी रुचाला जवळ ओढलं.