पुतळाबाईच्या हाताला विचारून

मी एक जुना, गोल, पत्र्याचा डबा आहे. खारदांड्यातल्या एका कोळी घरात, फ्रीजच्या डोक्यावर माझी जागा आहे. माझ्या झाकणावर कधीकाळी कुठल्याशा बर्फाळ गावाचं चित्र होतं. आता त्यातलं एक धुराडं आणि अर्धा घोडा तेवढा शिल्लक आहे. मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी थकलो आहे. कामाने कोणी थकत नाही असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण त्यांच्यापैकी कोणी अर्धवट वापरलेल्या सतरा क्रीमची ओझी वाहिलेली नसतात.

माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, वर निळा रंग चढवला आणि पोटात लोण्याची बिस्किटं भरली. या घराचा धनी हरेश्वर, त्याचा चुलतभाऊ मोठ्या बोटीवर नोकरीला होता. त्याने मला इथे आणलं. बिस्किटं चार दिवसांत फस्त झाली आणि माझं पुढे काय करायचं यावर कोणी विचारही केला नाही, कारण कोळ्याच्या घरात रिकामा डबा रिकामा राहत नाही. हरेश्वरने माझ्यात जाळं विणायच्या सुया आणि नायलॉनचा दोरा ठेवला. त्याच्याबरोबर मी होडीवर जाऊ लागलो. खाऱ्या पाण्याने माझा तळ गंजला, पण ती माझी उमेदीची वर्षं होती. भर समुद्रात जाळं फाटलं की हरेश्वर आधी मला हाक मारायचा. "डबा दे रे!" एवढंच म्हणायचा, पण त्यात किती विश्वास असे!

मग त्याची मुलगी कल्पिता सोळा वर्षांची झाली, तिच्या गालांवर पुटकुळ्या आल्या आणि माझं नशीब फिरलं. तिने सुया काढून खिडकीत ठेवल्या, मला साबणाने घासलं, आत गुलाबी कागद अंथरला आणि पहिलं क्रीम माझ्यात ठेवलं. मासळीचा वास काही गेला नाही. तो आजही आहे.

सुरुवातीला मलाही कौतुक वाटलं. रंगीत नळ्या, छोट्या बाटल्या, काचेचे ड्रॉपर, त्यांचे सुवास! पण नव्याचे नऊ दिवस. कल्पिताची कातडी अशी नाजूक की एक क्रीम लावावं तर चेहरा तेलकट होई, दुसरं लावावं तर सोलून निघे. फसलेलं क्रीम ती टाकून देत नसे. "पुढे कधीतरी सूट होईल," म्हणायची आणि माझ्यात कोंबायची. मुलतानी माती झाली, लिंबाचा रस झाला, कोरफड झाली, काळ्या कोळशाचा फेसवॉश झाला, मग कुठल्या कुठल्या आम्लांची सीरम आली. माझं झाकण बसेनासं झालं, तेव्हा तिने मला रबर बांधलं.

आता या घरातली एक रीत सांगतो, कारण सगळं तिच्यावर अडलं आहे. कल्पिताची आई पुतळाबाई अंधेरीच्या बाजारात मासळी विकते. तीस वर्षं झाली. पहाटे बंदरावरून माल उचलायचा, बर्फात दाबायचा, दिवसभर त्याच बर्फात हात घालून पापलेटं काढायची, कोळंबी सोलायची. लेकीला मात्र तिने बर्फाला कधी हात लावू दिला नाही. "माजं हात बघ आनि शिक," एवढंच म्हणायची. सोमवारी लोक मासे खात नाहीत, बाजार थंड असतो, म्हणून पुतळाबाई दुपारीच घरी येई. मग दोघी माझ्याभोवती बसत. कल्पिता नवीन नळी उघडायची आणि पुतळाबाई आपला उजवा हात पुढे करायची.

"पयला मना लाव."

"आये, मला लावायचंय, तुला नाही."

"लाव गो. लेकराचा भातबी मी पयला चाखला, मग भरवला."

हातावर थेंब चोळला जाई. पुतळाबाई चहा पिई, कप विसळे, हात नाकाशी नेऊन हुंगे आणि निकाल देई. "मना काय नाय झाला. तुलाबी नाय व्हनार. लाव बिनधास." मित्रांनो, आठ वर्षांत त्या हाताने एकाही क्रीमला नापास केलं नाही. मी दर सोमवारी जवळून बघत होतो, तरी मला त्यात काही वावगं दिसलं नाही. आई आधी स्वतः चाखते आणि मग लेकीला देते, यात कोणाला काय वावगं दिसणार?

कल्पिता चोवीस वर्षांची झाली आणि तिला अंधेरीच्या एका मॉलमध्ये नोकरी लागली. कसली, तर क्रीम विकायची! सोमवारी सुट्टी, तीन महिने कच्ची, मग पक्की. घरात केवढा आनंद! पुतळाबाईने शेजारच्या सगळ्या बायकांना सांगितलं, "माजी पोर थंड्या दुकानात उभी रातं. बर्फ नाय, वास नाय." कल्पिता गिऱ्हाइकांना विचारायची, "मॅम, तुमची स्किन कोणत्या टाइपची?" आणि घरी येऊन स्वतःचा जळजळता गाल ओल्या फडक्याने दाबून बसायची.

काउंटरवर तिच्याबरोबर निशा नावाची मुलगी होती. तिने एक पांढरी नळी दिली. नाक्यावरच्या औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते म्हणाली. "हे लाव यार, आठ दिवसांत चेहरा काच होतो काच!"

सोमवारी परीक्षा झाली, हात पास झाला. आणि खरोखर, आठ दिवसांत चेहरा काच झाला. डाग गेले, रंग उजळला. कल्पिताने मला उचलून छातीशी धरलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! "आये, सापडलं गं! मला सूट होणारं सापडलं!" पुतळाबाई स्वतःच्या हाताकडे अशी बघत होती, जसा काही त्यानेच शोध लावला. मी खुळा, मीही फुगलो.

दोन महिने बरे गेले. मग गाल तांबडे व्हायला लागले. आधी उन्हात, मग सावलीतही. नळी एक दिवस लावली नाही की आग आग होई, म्हणून ती पुन्हा लावायची. लावली की बरं वाटे, पण कातडी पातळ होत चालली होती, आतल्या शिरा दिसू लागल्या. एका संध्याकाळी ती घरी आली ती तोंडाला ओढणी बांधूनच.

"आज दुकानातले सर बोलले," ती भिंतीला टेकून म्हणाली. "गिऱ्हाईक क्रीमकडे नाही, तुझ्या तोंडाकडे बघतं. महिनाअखेरपर्यंत चेहरा नीट झाला तर पक्की, नाहीतर बघू म्हणाले."

"मंग दुसरा क्रीम आनू," पुतळाबाई म्हणाली आणि तिचा हात आपोआप माझ्याकडे वळला.

दुसरं क्रीम आलं, तेही पास झालं आणि चेहरा आणखी सुजला. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. तेव्हा कुठे मायलेकी पालिकेच्या रुग्णालयात त्वचेच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांचं नाव चेतना. त्यांनी चेहरा पाहिला आणि सांगितलं, "आजवर जे जे लावलंय, ते सगळं पुढच्या सोमवारी घेऊन या." म्हणून मीही रुग्णालय पाहिलं. पुतळाबाईच्या मासळीच्या पिशवीतून गेलो.

डॉक्टरांनी माझं रबर काढलं आणि एकेक वस्तू टेबलावर मांडली. मला लाज वाटली. घरात ही क्रीमं एकेकटी दिसत होती, तिथे रांगेत उभी केल्यावर ती फार दिसली. पांढऱ्या नळीवरची बारीक अक्षरं वाचून डॉक्टरांनी ती बाजूला सरकवली. "यात स्टेरॉइड आहे. हे औषध आहे, रोज लावायचं क्रीम नाही. कोणी दिलं?"

"कामावरच्या मुलीने," कल्पिता म्हणाली.

"बरं, बाकीची लावण्याआधी थोडी लावून बघितली होती का कुठे?"

"हो मॅडम, नेहमी. आई बघते ना लावून."

पुतळाबाईने अभिमानाने हात टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. बर्फाने आणि मिठाने टणक झालेली कातडी, बोटांच्या पेरांवर चिरा, काट्यांचे जुने वण. डॉक्टरांनी कापसाचं एक टोक वळलं. "मावशी, डोळे मिटा. कापूस लागला की सांगा."

पुतळाबाईने डोळे मिटले. कापूस हाताच्या पाठीवरून फिरला, बोटांवरून फिरला, परत आला. पुतळाबाई वाट बघत बसली होती.

"लावा ना मॅडम," ती म्हणाली.

कल्पिताने तोंडावर हात दाबला. डॉक्टरांनी मनगटाच्या वर कापूस लावला, तेव्हा पुतळाबाई पटकन म्हणाली, "हां, आता लागला!" आणि डोळे उघडून हसली. दोघींचे चेहरे बघून तिचं हसू विरलं.

"मावशी, तीस वर्षं बर्फात आणि खाऱ्या पाण्यात आहे हा हात," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "याला निखारा लागला तरी उशिरा कळेल. याच्याकडून चेहऱ्याचं उत्तर कसं मिळणार? जिच्या चेहऱ्याला लावायचं, तिच्याच कानामागे थोडं लावायचं आणि चार-पाच दिवस थांबायचं. एका वेळी एकच. आणि या हाताचीही आपण नीट तपासणी करणार आहोत, तो असाच सोडायचा नाही."

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. पण मित्रांनो, पुढच्याला ठेच लागलेलीच कळत नसेल, तर मागच्याने काय करावं?

डॉक्टरांनी दोनच गोष्टी लिहून दिल्या. एक साधं, बिनवासाचं क्रीम आणि एक सौम्य साबण. आग होईल, सोसावी लागेल, पांढऱ्या नळीला पुन्हा हात लावायचा नाही. कल्पिताने विचारलं, "महिनाअखेरपर्यंत जाईल?" डॉक्टर म्हणाल्या, "सहा महिने धर."

घरी आल्यावर सतरापैकी सोळा नळ्याबाटल्या कचऱ्यात गेल्या. एक गेली नाही. पांढरी नळी कल्पिताने माझ्या गुलाबी कागदाखाली सरकवली. मला कळलं, पण मी काय करणार? ज्याचं झाकण दुसऱ्याच्या हातात, त्याने काय बोलावं!

महिन्याचा शेवटचा सोमवार आला. दुसऱ्या दिवशी सर निकाल सांगणार होते. कल्पिताचा चेहरा उकडलेल्या खेकड्यासारखा लाल होता. तिने कागद उचलला, नळी काढली आणि तेवढ्यात पुतळाबाई दारात उभी राहिली. ती ओरडली नाही. येऊन बसली आणि सवयीने हात पुढे केला. कल्पितानेही सवयीने त्यावर थेंब काढला. मग दोघीही त्या थेंबाकडे बघत राहिल्या.

"आये, उद्यापुरतं," कल्पिता रडायला लागली. "एकच दिवस. नोकरी गेली तर मी काय, मासळीची पाटी घेऊन बसू?"

पुतळाबाईने थेंब पदराला पुसला. "बस. मी बसतंय ना? मना कोनी काय खाल्ला?" मग तिने हात मागे घेतला. "पन या हाताला आता इचारू नको, बाय. यानंच तुजा तोंड जालला." तिने उठून नळी मोरीत पिळून टाकली आणि वरून दोन तांबे पाणी ओतलं.

दुसऱ्या दिवशी कल्पिता ओढणी न बांधता कामावर गेली. सरांना तिने सगळं खरं सांगितलं. त्यांनी तिला काउंटरवरून काढलं आणि मागच्या खोलीत खोकी फोडायला बसवलं. नोकरी पक्की झाली नाही, गेलीही नाही. आणखी तीन महिने बघू म्हणाले. तिचे गाल आता फिकट होत आहेत, पण सावकाश. एखाद्या दिवशी पुन्हा लाल होतात आणि ती ओलं फडकं घेऊन बसते.

माझ्यात आता मोजकंच सामान आहे. साबण, कल्पिताचं साधं क्रीम, पुतळाबाईच्या हातांसाठी डॉक्टरांनी दिलेलं घट्ट मलम आणि थोडा कापूस. सोमवारी दोघी पूर्वीसारख्याच बसतात. फक्त आता लेक आईच्या हाताला मलम चोळते, चिरांमध्ये बोटाने भरते आणि मग म्हणते, "आये, डोळे मीट."

गेल्या सोमवारीही असंच झालं. पुतळाबाईने डोळे मिटले. कल्पिताने कापूस वळला, पण तिला शिंक आली आणि हात हवेतच राहिला.

"लागला गो," पुतळाबाई घाईने म्हणाली. "आता समदा कलतंय मना. तू नको कालजी करू."

कापूस हातापासून वीतभर लांब होता. मी पाहिलं, कल्पितानेही पाहिलं. तिने फक्त पुन्हा मलम घेतलं आणि पहिल्यापासून चोळायला लागली.

मित्रांनो, मी गंजलेला डबा, माझं ऐकलं नाहीत तरी चालेल. पण चेहऱ्याला नवीन काही लावण्याआधी आपल्याच कातडीला विचारा आणि तिला उत्तर द्यायला वेळ द्या. आणि तुमच्या घरात एखादा हात नेहमी सगळ्यांच्या आधी पुढे येत असेल, मला काही झालं नाही म्हणत असेल, तर त्याचं लगेच खरं मानू नका. तो एकदा आपल्या हातात घेऊन बघा.